लिंबू-मिरची आणि सीट बेल्ट

नवी गाडी घेतली की मराठी कुटुंब घरी पोचण्यापूर्वी तीन ठिकाणी थांबते. पहिले ठिकाण शोरूम. तिथे गाडीला हार घातला जातो, पेढे वाटले जातात आणि हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली धरून फोटो काढला जातो. दुसरे ठिकाण देऊळ. तिथे नारळ फुटतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि चाकाखाली लिंबू चिरडले जाते. तिसरे ठिकाण म्हणजे ॲक्सेसरीजचे दुकान. पहिल्या दोन ठिकाणी मिळून जेवढा वेळ जातो, त्याच्या दुप्पट इथे जातो. कारण गाडी कंपनीने केलेली असली, तरी ती ‘आपली’ होते ती या दुकानात, अशी आपली ठाम समजूत असते.

दुकानदार अनुभवी असतो. गाडीभोवती एक चक्कर मारून तो यादी सांगू लागतो. “साहेब, पुढे गार्ड टाकून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात बंपर जाईल. काचांना फिल्म लावा, उन्हात वहिनींना त्रास नको. हॉर्न कंपनीचा म्हणजे अगदीच पिपाणी, तो बदलू. सीटला कव्हर तर हवेच. आणि पट्टा लावला नाही की गाडी सारखी टुंगटुंग करते, त्यासाठी ही एक क्लिप. खाचेत घालून ठेवली की कटकट बंद!”

ही यादी ऐकताना माझ्या मनात नेहमी दुसरी एक यादी उघडते. ती आहे कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालचे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. दोन्ही १ जुलै १९८९ पासून लागू झाले. त्यात वाहनावर काय असलेच पाहिजे आणि काय असता कामा नये, हे तपशिलाने दिले आहे. गंमत अशी की दुकानदार जे लावा म्हणतो, त्यातले बरेचसे कायदा लावू नका म्हणतो. आणि कायद्याने जे वापरायला सांगितले आहे, ते गप्प कसे करायचे याची क्लिप दुकानात मिळते.

मी सदतीस वर्षे बँकेत नोकरी केली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि सुटीच्या दिवशी. दिवसा मात्र नियमांची जाडजूड पुस्तके आणि परिपत्रके. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडेच हव्यात. एकजण जेवायला गेला तरी आपली किल्ली दुसऱ्याच्या हवाली करायची नाही. नव्याने लागलेल्या पोरांना हा छळ वाटे. “एकमेकांवर विश्वास नाही का साहेब?” असे ते विचारत. मी त्यांना सांगत असे, की नियम विश्वासाविषयी नसतोच. कुठल्यातरी शाखेत, कुठल्यातरी साली, एकाच माणसाकडे दोन्ही किल्ल्या राहिल्या असतील आणि त्या दिवशी जे घडले, ते पुन्हा घडू नये म्हणून कुणीतरी हे वाक्य लिहून ठेवले आहे. नियम म्हणजे जुन्या नुकसानीची नोंद. मोटार वाहन नियम वाचतानाही मला तसेच वाटते. फरक एवढाच, की बँकेतले नुकसान रुपयांत असे.

साडी गार्डची गोष्ट

उदाहरणार्थ, नियम क्रमांक १२३ पाहा. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला आधार हवा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. कायद्याच्या कोरड्या भाषेत ‘कपडे’ एवढेच आहे. पण तो शब्द वाचताना ज्यांच्या घरात किंवा शेजारात पदर, ओढणी चाकात गुंतून अपघात झाला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर एक नाव आणि एक चेहरा उभा राहतो. आजकालच्या तरुणांना हे गार्ड जुनाट वाटते. गाडी घेतली की ते आधी काढून टाकतात. ‘मागे कुणी साडीवाली बसणारच नाही,’ असे त्यांचे म्हणणे. वर्षभरात लग्न होते आणि साडीवाली बसते. पण गार्ड माळ्यावरच राहते.

आरशांचेही तेच. मागचे दाखवणारा आरसा असलाच पाहिजे हा नियम आहे. पण मोटारसायकल ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून आरसे उतरवतात आणि ज्या स्कूटरवर ते असतात, तिथे निम्म्या वेळा ते केस विंचरण्याच्या कोनात वळवलेले असतात.

हेल्मेटबद्दल महाराष्ट्रात, आणि विशेषतः पुण्यात, काही लिहिणे म्हणजे मोहोळाला हात घालणे. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध चक्क मोर्चा निघाला. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, शहरात वेग असतोच कुठे, ही सगळी कारणे आपण पाठ केली आहेत. आता त्यासमोर एक आकडा ठेवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९ होती. आणि त्या पन्नास हजारांत १४,३३७ जण गाडी चालवतच नव्हते. ते मागे बसले होते.

आमच्याकडे चालवणारा एकवेळ पोलिसाच्या भीतीने हेल्मेट घालतो. मागची बायको, बहीण, आई उघड्या डोक्याने बसते. पुढे टाकीवर बसवलेल्या नातवाचा तर प्रश्नच नाही. त्याच्यासाठीही आता नियम आहे. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर न्यायचे तर त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, चालवणाऱ्याला जोडून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा नियम माहीत असलेला पालक मला अजून शाळेच्या फाटकाशी भेटायचा आहे.

मानाची जागा

आता चारचाकीकडे वळू. सीट बेल्टचा आजचा आकार, म्हणजे एक पट्टा छातीवरून तिरका आणि एक मांडीवरून आडवा, निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीसाठी तयार केला. हा गृहस्थ त्यापूर्वी विमानांत काम करत होता. संकटात वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रणा तो बनवत असे. ज्याने माणसाला बाहेर फेकण्याचे शास्त्र शिकले, त्यानेच माणसाला आत धरून ठेवण्याचा उपाय शोधला. व्होल्वोने त्याचे पेटंट घेतले, पण इतर कंपन्यांनाही ते वापरू दिले. पट्टा लावण्याची पहिली सक्ती १९७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने केली. तिथेही लोकांनी कुरकुर केलीच असणार. माणूस सगळीकडे सारखाच.

पट्टा का, याचे गणित शाळेतले आहे. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी एकदम थांबली, तर गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणाऱ्या माणसाचा असतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला कठडा नको असे आपल्यापैकी कुणीही म्हणणार नाही. गाडीत मात्र आपण कठडा काढून बसतो आणि ‘मी हाताने धरीन की समोर’ असे म्हणतो.

एअरबॅग आहे ना, असेही म्हणतात. पण एअरबॅग ही पट्टा लावलेल्या माणसासाठी रचलेली वस्तू आहे. पापणी लवायच्या आत ती फुगते. पट्टा नसलेला माणूस आधीच पुढे झुकलेला असेल, तर तिचाच तडाखा त्याला बसतो. म्हणूनच पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसणे धोक्याचे. आणि एक सांगतो, देवभक्तांनी रागावू नये. पुढच्या डाव्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्डमधून बाहेर येते. नेमक्या त्याच झाकणावर आपण गणपतीची जड मूर्ती चिकटवतो. बाप्पाला शेजारी, झाकण सोडून बसवावे. तो समजून घेईल. ज्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटमध्ये शिवलेली असते, तिथे दुकानातले घट्ट कव्हर तिची वाट अडवू शकते. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी छोटी पट्टी शिवली आहे का, हे कव्हर घेण्यापूर्वी पाहावे.

खरा प्रश्न मागच्या सीटचा आहे. आमच्या संस्कृतीत मागची सीट ही मानाची. साहेब मागे बसतात, आजी-आजोबा मागे बसतात, माहेरवाशीण मागे बसते. आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांना मी पट्टा लावायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मी काय गोठ्यातली म्हैस आहे, बांधून घालायला?” त्यांचा मुद्दा पट्ट्याचा नव्हताच, मानाचा होता. पण धडक मानपान ओळखत नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एका उंची मोटारीला अपघात झाला. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले त्यांचे स्नेही दोघेही गेले. दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, सर्व सोयींनी युक्त होती. पट्टाही तिथेच होता, हाताच्या अंतरावर. त्यानंतर नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्या पट्ट्याचीही सक्ती केली. वास्तविक ती केंद्रीय नियमात आधीपासूनच होती. आपण तिच्यावर सीट कव्हर घालून ठेवले होते, इतकेच. हे शब्दशः खरे आहे. कोणत्याही ओळखीच्या गाडीत मागे बसा आणि पट्ट्याचे बक्कल शोधा. दहांपैकी किती गाड्यांत ते कव्हरखाली गाडलेले सापडते, ते मोजा.

त्या २०२२ सालातच सीट बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसे गेली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी, म्हणजे ८,३३१, चालक नव्हे तर प्रवासी होती.

आणि त्या टुंगटुंग बंद करणाऱ्या क्लिपचे म्हणाल, तर मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. बँकेच्या काउंटरखाली धोक्याच्या घंटेचे बटण असते. चुकून पाय लागला की घंटा वाजते, गिऱ्हाईक दचकते. म्हणून कुणी घंटेच्या तोंडात बोळा कोंबला, तर त्याला आपण काय म्हणू? शे-दोनशे रुपयांची ती क्लिप म्हणजे हा बोळाच आहे.

बाहेरच्या माणसासाठी

हे झाले असायलाच हव्या त्या गोष्टींचे. आता नसायला हव्यात त्यांचे पाहू. इथे विचारांची दिशा थोडी बदलते. पट्टा, हेल्मेट आतल्या माणसासाठी आहेत. पण बंदी आलेल्या बहुतेक वस्तू बाहेरच्या माणसासाठी घातक आहेत. तो बाहेरचा माणूस दुकानातल्या खरेदीच्या वेळी हजर नसतो. त्याच्या वतीने कायदा बोलतो.

पुढचा लोखंडी गार्ड घ्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून कळवले, की असे गार्ड बसवणे कायद्याच्या कलम ५२ चे, म्हणजे वाहनात परस्पर बदल करण्याविरुद्धच्या कलमाचे, उल्लंघन आहे. ‘हल्लीच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, आमच्या वेळी खरे लोखंड होते,’ असे माझ्या पिढीतले लोक म्हणतात. पण गाडीचा पुढचा भाग चुरगळावा अशीच त्याची रचना असते. बेला बारेनी या अभियंत्याच्या कल्पनेतून मर्सिडीजने १९५९ मध्ये तशी गाडी बाजारात आणली. पत्रा चुरगळतो तेव्हा धडकेचा जोर तो स्वतःवर घेतो, माणसापर्यंत कमी पोचू देतो. गार्ड लावला की तो जोर थेट चासीत जातो आणि एअरबॅगला धडकेचा निरोप वेळेवर पोचेलच याची खात्री राहत नाही. शिवाय समोर पायी चालणारा आला, तर पत्र्याऐवजी लोखंडी नळी त्याच्या अंगावर येते. बंपर वाचतो. त्याची किंमत दुसराच देतो.

काळ्या काचांचे तसेच. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे नियम सांगतो. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वरून चिकटवायच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. पुढे नियमाची भाषा बदलली आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने हे प्रमाण पाळणाऱ्या फिल्मला मोकळीक दिली. वकील वाद घालोत. प्रमाणामागचे कारण सोपे आहे. आपण रस्ता ओलांडताना गाडीकडे नव्हे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याने आपल्याला पाहिले की नाही, ते त्याच्या डोळ्यांवरून ठरवतो. काळ्या काचेमागे चेहराच नसतो. आणि रात्री त्याच काचेतून त्याला आपण दिसत नाही.

हॉर्नबाबत नियम ११९ सांगतो, की वेगवेगळ्या सुरांचा, कर्कश किंवा दचकवणारा हॉर्न नको. तो मान रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस यांच्यासारख्यांचा. कारण सरळ आहे. प्रत्येक जीपने रुग्णवाहिकेसारखा आक्रोश केला, तर खऱ्या रुग्णवाहिकेला वाट कोण देणार? ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ हे आमंत्रणही महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये बंद केले. रंगाऱ्यांचे ब्रश मात्र अजून ऐकत नाहीत. सायलेन्सर काढून फटफट आवाज करणाऱ्या बुलेट, समोरच्याला आंधळे करणारे जादा पांढरे दिवे, हे सगळे त्याच जातीचे. लाल दिवासुद्धा १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरून उतरला, त्यामागे हेच तत्त्व होते.

नंबरप्लेटची कलाकुसर तर खास आपली. ४१४१ चे ‘दादा’, २१४ चे ‘राम’. अक्षरलेखनाला दाद द्यावी, पण धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर रस्त्यावर पडलेल्या माणसाने एका क्षणात वाचायचा असतो. त्याने ‘दादा’ वाचले तर तो पोलिसांना काय सांगणार?

मागे राहिलेले खाते

‘आमचा जीव, आमची गाडी, सरकारला काय करायचे?’ हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. त्याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात नाही, शाखेतल्या एका टेबलावर मिळाले. एका मुलाने मोटारसायकलसाठी कर्ज घेतले होते. एकविशीतला पोरगा, नुकतीच नोकरी लागलेली. सात हप्ते वेळेवर आले. आठवा आला नाही. मग एके दिवशी त्याचे वडील आले. धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत पासबुक, गाडीची कागदपत्रे आणि मृत्यूचा दाखला. ते जामीनदार होते. मी विमा, दाव्याचे अर्ज वगैरे समजावून सांगत होतो आणि ते मान हलवत होते. शेवटी उठताना म्हणाले, “साहेब, हेल्मेट घेतले होते त्याने. भिंतीला खुंटीवर आहे. जवळच जायचे होते म्हणून राहिले.”

कर्जाचे खाते आम्ही रीतसर बंद केले. पण जीव ‘आपला’ असतो, हे वाक्य त्या दिवसापासून मी उच्चारू शकलो नाही. प्रत्येक जिवाला कुणीतरी जामीन राहिलेले असते. सही केलेली नसते, एवढेच.

आज रविवार आहे. दुपारच्या जेवणानंतर लवंडण्यापूर्वी अर्धा तास काढा आणि खाली गाडीपाशी जा. मागच्या सीटचे कव्हर वर करून बक्कले बाहेर काढा, तिन्ही पट्टे ओढून पाहा. खाचेत क्लिप असेल तर ती काढून फेकून द्या. डॅशबोर्डवरचे जड सामान हलवा. स्कूटरचे आरसे सरळ करा, माळ्यावरचे साडी गार्ड शोधा, घरातल्या प्रत्येक हेल्मेटवर आयएसआयची खूण आहे का आणि हनुवटीखालचा पट्टा नीट बसतो का, हे बघा. मागे बसणाऱ्यासाठी हेल्मेट नसेल तर संध्याकाळी विकत आणा. लिंबू-मिरची बदलायचीच असेल तर तीही बदला, तिला कायद्याची हरकत नाही. मात्र संध्याकाळी सगळे मिळून फिरायला निघालात, तर मागे बसलेल्या आजींचा पट्टा नातवाला लावायला सांगा. त्या नको म्हणतील. एकदा लावून घेतला, की पुढच्या वेळी त्याच त्याला आठवण करून देतील.